न परतलेले वैमानिक आणि ‘बेपत्ता’ या शब्दाचा घोळ

१९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर गेलेले आणि परत न आलेले वैमानिक हा विषय निघाला, की बोलणं थेट ‘चोपन्न’ या आकड्यावर येतं, म्हणजे पाकिस्तानात कैदेत राहिल्याचं मानलं जाणाऱ्या भारतीय सैनिकांच्या यादीवर. युद्ध कसं पेटलं, ढाका कसं पडलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरा घोळ नंतरच्या कागदांत आहे.

पायदळातला जवान पडला तर बहुतेक वेळा शेजारचा कुणीतरी पाहतो. सुखोई-७ या लढाऊ विमानात मात्र एकटाच माणूस. दिवसाउजेडी अगदी खालून उडत धावपट्टीवर किंवा रणगाड्यांवर जायचं, आणि जमिनीवरून विमानविरोधी तोफांचा मारा. बरोबरच्या वैमानिकाला ज्वाळा दिसली तर दिसली. हवाईछत्री उघडली का, हे बघायला तो थांबू शकत नाही. म्हणजे पुरावा उरतो तो शत्रूच्या मुलखात. त्या दिवसांत ढाक्याच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली. त्यातलं एक नाव न परतलेल्या मराठी फ्लाइट लेफ्टनंटच्या आडनावाशी जुळत होतं, फक्त स्पेलिंग बिघडलेलं. तेवढं कात्रण म्हणजे पुरावा का? माझ्या मते दुर्लक्ष करावं इतकं ते किरकोळ नाही.

पकडलेले बारा वैमानिक रावळपिंडीच्या छावणीत होते. त्यातले तिघे ऑगस्ट १९७२ मध्ये भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळ पुन्हा सापडले. या धाडसाचा म्होरक्याही मराठीच. १ डिसेंबर १९७२ ला सहाशेहून अधिक भारतीय कैदी परतले. कात्रणातलं ते आडनाव त्यांच्यात नव्हतं.

इथून शब्दांचा गुंता सुरू होतो. सैन्याच्या नोंदीत ‘बेपत्ता’ वेगळा, ‘बेपत्ता, मृत असल्याचा समज’ वेगळा, ‘कामी आला’ वेगळा आणि ‘युद्धकैदी’ तर सर्वस्वी वेगळा. युद्धकैदी म्हटला की १९४९ चा जिनिव्हा करार लागू होतो: पकडणाऱ्याने नाव कळवायचं, लढाई थांबल्यावर विनाविलंब सोडायचं. बेपत्ता म्हटला की समोरचा म्हणतो, आमच्याकडे नाही, तुम्हीच शोधा. त्यात तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचं १०८ वं कलम: सात वर्षं खबर नाही, तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याचं ओझं तसं म्हणणाऱ्यावर. युद्धाला सात वर्षं झाली १९७८ च्या डिसेंबरात. आणि १९७९ मध्ये लोकसभेत सरकारने चाळीस नावं दिली, ही माणसं पाकिस्तानच्या तुरुंगांत असल्याचं सांगत! एका खात्याच्या वहीत मृत, दुसऱ्याच्या उत्तरात कैदी. चाळिसाचे चोपन्न पुढे झाले.

म्हणूनच ‘त्र्याण्णव हजार सोडले आणि चोपन्न विसरले’ हे वाक्य टाळ्या घेतं, पण पुरतं खरं नाही. त्या त्र्याण्णव हजार पाकिस्तानी कैद्यांची पाठवणी एप्रिल १९७४ पर्यंत चालली होती, आणि चोपन्नांची यादी तेव्हा या रूपात नव्हतीच. तरी शेवटची गाडी सुटण्याआधी प्रत्येक नावाचा लेखी हिशेब मागायला हवा होता, हे माझं मत कायम आहे.

नंतरच्या हालचाली पुष्कळ, हाती आलं थोडं. १९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत गेले. २००७ मध्ये चौदा नातेवाइकांना तिकडचे तुरुंग दाखवायला नेण्यात आलं. आपलं माणूस कुणालाच दिसलं नाही. असा एकही कैदी आमच्याकडे नाही, हे पाकिस्तानचं उत्तर आजवर बदललेलं नाही.

डिसेंबर २०११ मध्ये एका उच्च न्यायालयाने केंद्राला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायला सांगितलं. त्या आदेशाला वर स्थगिती मिळाली. तसं जाणंही सोपं नव्हतं. राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद त्या न्यायालयापुढे चालणार नाहीत, अशी अट भारताने स्वतःच घालून ठेवली आहे. १९९९ मध्ये कच्छच्या सीमेवर पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडल्यावर पाकिस्तान तिथे गेला, तेव्हा भारताने हीच अट पुढे केली आणि जून २००० मध्ये खटला जिंकला.