अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून जुना एक्स्चेंज सर्व्हर काढून टाकणे

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या डिरेक्टरीतल्या, म्हणजे नेटवर्कवरची खाती, गट आणि सर्व्हर यांच्या मध्यवर्ती नोंदवहीतल्या, नोंदी, गट आणि अधिकार साफ करण्याची प्रक्रिया. एक्स्चेंज ५.५ पर्यंत डिरेक्टरी मेल सर्व्हरच्याच पोटात होती. एक्स्चेंज २००० पासून तिची जागा विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने घेतली आणि सर्व्हरची बरीचशी मांडणी डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे ही डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, गेली. त्यामुळे सर्व्हरची डिस्क पुसून टाकली, तरी डिरेक्टरीच्या लेखी तो हयातच असतो.

रीतसर मार्ग अनइन्स्टॉलचा. आधी मेलबॉक्स आणि पब्लिक फोल्डर हलवायचे, कनेक्टर (टपाल ने-आण करणारे दुवे) काढायचे, मग सेटअप चालवायचा. डेटाबेसमध्ये एक जरी मेलबॉक्स उरला असला तरी सेटअप अडून बसतो. बहुतेकदा तो नेहमीच्या यादीत न दिसणारा आर्बिट्रेशन मेलबॉक्स, म्हणजे एक्स्चेंजने स्वतःच्या अंतर्गत कामांसाठी ठेवलेला मेलबॉक्स, असतो. हा अडसर कंटाळवाणा असला तरी तो डावलू नये, कारण त्यानेच अर्धवट साफसफाई टळते. यंत्रच निकामी झाले असेल, तर त्याच नावाच्या नव्या यंत्रावर सेटअपच्या रिकव्हर सर्व्हर पर्यायाने सर्व्हर पुन्हा उभा करून मग अनइन्स्टॉल करणे केव्हाही चांगले.

तेही शक्य नसेल तरच एडीएसआय एडिट हे डिरेक्टरीतल्या नोंदी थेट बदलण्याचे साधन उघडून हाताने नोंदी पुसाव्यात. कॉन्फिगरेशन विभागात ‘सर्व्हिसेस’खाली ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज’ आणि ‘मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज ऑटोडिस्कव्हर’ हे कंटेनर असतात. मूळ डोमेनमध्ये एक्स्चेंजच्या सुरक्षा गटांचे ओयू (डिरेक्टरीतला नोंदींचा कप्पा) असते, शिवाय सिस्टिम मेलबॉक्स आणि हेल्थ मेलबॉक्सची खाती असतात. इतर एक्स्चेंज सर्व्हर चालू असतील, तर फक्त मेलेल्या सर्व्हरची नोंद काढायची, कंटेनरला हात लावायचा नाही. एडीएसआय एडिटमध्ये ‘अन्डू’ नाही आणि कॉन्फिगरेशन विभागातला बदल फॉरेस्टमधल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या डोमेनांच्या समूहातल्या, प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर पोहोचतो. म्हणून डोमेन कंट्रोलरच्या सिस्टिम स्टेटचा (ज्यात डिरेक्टरीही येते) बॅकअप आधी घ्यावा.

वापरकर्त्याला खुपणारा अवशेष म्हणजे ऑटोडिस्कव्हरचा सर्व्हिस कनेक्शन पॉइंट, म्हणजे मेल सर्व्हर कुठे आहे हे सांगणारी नोंद. डोमेनमधल्या संगणकावरचे आउटलुक मेलबॉक्सचा पत्ता शोधताना आधी डिरेक्टरीत हीच नोंद पाहते. मेल दुसरीकडे गेलेले आणि नोंद मात्र जुन्या सर्व्हरची, मग प्रमाणपत्राचा इशारा येतो किंवा आउटलुक पुन्हा पुन्हा पासवर्ड मागत राहते.

याउलट ‘लेगसी एक्स्चेंज डीएन’ हे वापरकर्त्याच्या खात्यावरचे मूल्य (एक्स्चेंजचा जुन्या धाटणीचा अंतर्गत पत्ता) घाईने पुसले, तर जुनी टपाल तुटते. सहकारी जुन्या पत्राला उत्तर देतो आणि ते ‘आयएमसीईएईएक्स’ने सुरू होणाऱ्या पत्त्यासह परत येते, कारण आउटलुकने नेहमीच्या ईमेल पत्त्याऐवजी हे मूल्यच लक्षात ठेवलेले असते. पुसण्यापूर्वी ते टिपून ठेवावे आणि नव्या मेलबॉक्सला एक्स५०० पत्ता (त्याच जुन्या धाटणीचा जादा पत्ता) म्हणून जोडावे.

सुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते गटांचे अधिकार. ‘एक्स्चेंज विंडोज परमिशन्स’ गटाला डोमेनच्या मुळाशीच परवानग्या बदलण्याचा अधिकार असे. २०१९ च्या सुरुवातीला त्याचा गैरवापर करून डोमेनचा ताबा घेण्याची पद्धत उघड झाली, आणि फेब्रुवारी २०१९ च्या अद्ययावतनात मायक्रोसॉफ्टने हे अधिकार कमी केले. त्याआधीच बंद पडलेल्या सर्व्हरच्या फॉरेस्टमध्ये मात्र ते तसेच राहून गेलेले असू शकतात. गट पुसण्याआधी त्याच्या परवानग्या काढाव्यात, नाहीतर परवानग्यांच्या यादीत नाव नसलेले एसआयडी (गटाचे ओळख-क्रमांक) लोंबकळत राहतात.

खाती जागेवरच्या (संस्थेच्या स्वतःच्या) डिरेक्टरीतून मायक्रोसॉफ्ट ३६५ या क्लाउड सेवेशी जुळवलेली असतील, तर हे निर्मूलन सहसा करू नये. तिथे मेलचे गुणधर्म सहसा जागेवरच सांभाळावे लागतात. एक्स्चेंज २०१९ च्या सीयू १२ या एकत्रित अद्ययावतनापासून (एप्रिल २०२२) शेवटचा सर्व्हर बंद ठेवून केवळ व्यवस्थापन साधनांवर काम भागवता येते, पण तो अनइन्स्टॉल करायचा नसतो.

स्कीमातली, म्हणजे डिरेक्टरीत कोणत्या प्रकारच्या नोंदी असू शकतात हे ठरवणाऱ्या आराखड्यातली, भर मात्र कशानेही जात नाही. एक्स्चेंजने जोडलेले वर्ग आणि गुणधर्म निष्क्रिय करता येतात, पुसता येत नाहीत. स्कीमाची आवृत्ती सांगणारी एक्स्चेंजची नोंदही तिथेच राहते, आणि फॉरेस्टमध्ये कोणत्या आवृत्तीपर्यंत तयारी झाली होती हे तिच्यातल्या आकड्यावरून पुढेही कळते.