स्तंभालेख की आयतालेख? पंचगंगेचं पाणी आणि 43 फुटांची रेघ

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "पाणी किती फुटावर?" राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ. पण याच आकड्यांचं चित्र काढायला बसलं की स्तंभालेख आणि आयतालेख यांची सरमिसळ होते, कारण दोन्हीकडे दिसतात उभे खांबच.

स्तंभालेख सरळ. एक दिवस, एक खांब. उंची आपण दिलेली, सॉफ्टवेअरकडे फक्त रंगकाम. आयतालेखाला आपण नुसती पातळ्यांची यादी देतो. तिचे कप्पे (म्हणजे अमुक ते तमुक फूट असे गट) पाडायचे, कुठल्या कप्प्यात किती दिवस पडले ते मोजायचं, हे सगळं सॉफ्टवेअर करतं आणि मग खांब काढतं. तारखा गळून पडतात. खांब एकमेकांना चिकटलेले, कारण खालचा अक्ष फुटांचा, सलग. मध्ये फट दिसली तर त्या पातळीला एकही दिवस नव्हता असा अर्थ होतो.

खरी गोम कप्प्यांत आहे. आपण काहीच सांगितलं नाही तर मॅटप्लॉटलिब (पायथन भाषेतलं आलेख काढायचं साधन) 10 कप्पे पाडतं. जीजीप्लॉट2 (आर भाषेतलं तसंच साधन) पाडतं 30, आणि वर टोकतं की रुंदी तुम्हीच ठरवा. आरमधलं जुनं 'हिस्ट' हे फंक्शन स्टर्जेसच्या 1926च्या सूत्रावरून, म्हणजे आकडे किती आहेत त्यावरून, कप्प्यांचा अंदाज बांधतं. आकडे तेच, चित्रं तीन! मला टोकणारं बरं वाटतं. गुपचूप पाडलेल्या 10 कप्प्यांवर माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो.

पंचगंगेला 10 नको आणि 30ही नको. कप्प्याची रुंदी 4 फूट घ्या आणि एक कड 39वर बसवा. मग कडा येतात 35, 39, 43, 47, म्हणजे इशारा आणि धोका दोन्ही नेमके कडेवर. (आकडे भरताना जपा. 42 फूट 11 इंच मी एकदा 42.11 असं भरलं होतं. हवं होतं 42.92.)

एवढं करूनही एक दिवस अडतोच: पाणी बरोबर 43वर असलेला. जीजीप्लॉट2 सांगितल्याशिवाय उजवी कड कप्प्यात धरतं, म्हणून तो दिवस 39 ते 43च्या कप्प्यात, इशाऱ्यात जातो. मॅटप्लॉटलिब डावी कड धरतं, तिथे तोच दिवस धोक्यात. आपल्याकडे 43 लागलं की धोका, तेव्हा जीजीप्लॉट2मध्ये 'क्लोज्ड' या सेटिंगला 'लेफ्ट' (डावी कड धर) सांगायला विसरू नका.