राखणदाराच्या केसांचे घड्याळ

माझ्या मावसभावाने जळगावात नवे घर बांधले आणि वास्तुशांत झाल्याबरोबर राखणीसाठी कुत्रा शोधायला सुरुवात केली. त्याच्या धाकट्या मुलीला धुळीने शिंका येतात, त्यामुळे घरभर केस उडवणारा कुत्रा चालणार नव्हता. शोधता शोधता त्याला मोबाईलवर एका पिल्लाची जाहिरात सापडली. हा कुत्रा केस गाळत नाही, त्याच्यामुळे अ‍ॅलर्जी होत नाही आणि तो घरही राखतो, असे तिन्ही दावे एकाच वाक्यात केलेले होते. भावाने ती मला पाठवली. यावलकडच्या त्यांच्या केळीच्या मळ्यात पूर्वीपासून कुत्री आहेत. तिथल्या सालदाराला त्याने ती वाचून दाखवली, तेव्हा त्याचे उत्तर एवढेच होते : "केस तं झडतीनच ना भो!"

सालदाराचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. केस असलेला आणि एकही केस न गाळणारा कुत्रा अस्तित्वात नाही. मात्र काही कुत्री खूपच कमी केस गाळतात, हेही खरे आहे, आणि त्यामागचे कारण मला इतके सुंदर वाटते की प्रस्तुत लेखाचा बराचसा भाग त्यावरच खर्च होणार आहे.

केस त्वचेतल्या ज्या खोलगट पिशवीतून उगवतो तिला केशकूप म्हणतात. हा केशकूप कारखान्यासारखा अखंड चालत नाही. तो ठरावीक काळ केस वाढवतो, मग काम आवरते घेतो, मग विश्रांती घेतो आणि पुन्हा नव्याने कामाला लागतो. वाढीच्या काळाला अ‍ॅनाजेन, आवराआवरीच्या काळाला कॅटाजेन आणि विश्रांतीच्या काळाला टेलोजेन अशी नावे आहेत. विश्रांतीच्या काळात जुना केस केशकुपात नुसता अडकून राहतो, आणि तो सुटला की आपण 'केस गळला' असे म्हणतो. माणसाच्या डोक्यावरच्या केसाचा वाढीचा काळ साधारण २ ते ६ वर्षांचा असतो, आणि कोणत्याही क्षणी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. म्हणून आपले केस कंबरेपर्यंत पोहोचू शकतात आणि न्हाव्याकडे जाणे चुकत नाही. बहुतेक कुत्र्यांमध्ये हे गणित उलटे असते. केस थोडाच काळ वाढतो, ठरलेल्या लांबीला थांबतो आणि बराच काळ विश्रांतीत बसून राहतो. पूडल जातीचा कुत्रा याला अपवाद आहे. त्याच्या अंगावरच्या बहुतेक केशकुपांचे घड्याळ माणसाच्या डोक्यासारखे चालते, म्हणजे केस वाढतच राहतो, आणि म्हणूनच तो कमी गळतो.

हे घरच्या घरी पाहता येते. मळ्यातल्या मोतीच्या अंगावरून हात फिरवला तेव्हा तळहाताला आलेले केस मी काळ्या कापडावर पसरले आणि शाळेत वापरतात तसल्या भिंगाखाली धरले. प्रत्येक केसाचे त्वचेकडचे टोक फिकट होते आणि भाल्याच्या पात्यासारखे निमुळते झालेले होते. हे विश्रांती संपवून आपसूक सुटलेल्या केसाचे चिन्ह आहे. वाढता केस उपटला तर त्याचे मूळ मऊ, ओलसर आणि बहुधा गडद रंगाचे निघते. मोतीच्या त्या केसांत असे मूळ एकाही केसाला नव्हते.

कुत्र्याच्या केशकुपांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याच्या त्वचेतल्या एकेका छिद्रातून केसांचा झुबका बाहेर पडतो. त्यात एक जाड, राठ केस असतो आणि त्याच्याभोवती अनेक बारीक, मऊ केस असतात. या मऊ केसांचा थर दाट असला की त्याला आतले आवरण म्हणतात. हस्की किंवा जर्मन शेफर्ड यांच्या अंगावरून ऋतू बदलताना कापसासारखे पुंजके निघतात, ते याच थराचे असतात. ऋतूची ही खबर मुख्यतः दिवसाच्या लांबीतून मिळते. डोळ्यांत शिरणारा उजेड मेंदूतल्या पिनियल ग्रंथीच्या मेलाटोनिन या स्रावावर नियंत्रण ठेवतो, आणि त्या स्रावाच्या चढउतारावरून केशकूप आपले घड्याळ लावून घेतात. खानदेशात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत जेमतेम अडीच तासांचा फरक असतो, शिवाय घरातले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असतात. अशा वेळी केसगळतीचा ठळक हंगाम उरत नाही आणि घरात राहणारा कुत्रा थोडेथोडे केस वर्षभर गाळत राहतो.

आता हे घड्याळ कोण लावते ते पाहू. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात ८० जातींच्या हजारांहून अधिक कुत्र्यांच्या जनुकांची तपासणी केलेली होती. कुत्र्यांच्या केसांचे जवळजवळ सगळे प्रकार तीन जनुकांच्या जुळणीतून होतात, असे त्यातून दिसले. पहिले जनुक एफजीएफ५. ते केशकुपाला 'आता वाढ थांबव' असा निरोप देते, आणि ते बिघडले की निरोप उशिरा पोहोचून केस लांब होतात. दुसरे केआरटी७१, जे केशकुपातल्या केरॅटिन या प्रथिनाचा एक प्रकार घडवते आणि ज्याच्या एका बदलामुळे केस कुरळे होतात. तिसरे आरएसपीओ२, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे हेच आहे. केशकुपाला विश्रांतीतून उठवून कामाला लावणारी एक रासायनिक संदेशसाखळी त्वचेत असते, तिला डब्ल्यूएनटी म्हणतात. आरएसपीओ२ या जनुकातून तयार होणारे प्रथिन ती साखळी जोरात चालवते. काही कुत्र्यांमध्ये या जनुकाच्या शेपटाकडच्या भागात डीएनएच्या १६७ अक्षरांची जादा भर पडलेली आहे, आणि त्यामुळे त्वचेत या जनुकाचे काम वाढते. त्याचा परिणाम चेहऱ्यावर दिसतो : लांब भुवया, झुपकेदार मिशा आणि दाढी. ज्या जातींमध्ये ही मिशी-दाढी असते त्या सहसा कमी केस गाळतात. २०१६ साली एमसी५आर नावाच्या चौथ्या जनुकाचाही केसगळतीशी संबंध दिसून आला. हे जनुक त्वचेतल्या तैलग्रंथींशी निगडित आहे. त्याच्या वेगवेगळ्या प्रकारांमुळे, मिशा असूनही दाट आवरणाचे काही कुत्रे बऱ्यापैकी केस गाळतात, याचा थोडा उलगडा होतो.

एवढे तांत्रिक तपशील लक्षात राहिले नाहीत तरी हरकत नाही. कमी गळणारा कुत्रा ओळखताना केसांची लांबी पाहू नये, चेहरा पाहावा. गोल्डन रिट्रीव्हरचे केस लांब आणि रेशमी असतात, पण मिशा नसतात, आणि तो भरपूर केस गाळतो. श्नाउझर, एअरडेल टेरियर आणि पूडल यांच्या थोबाडावर केसांची भर असते, आणि ते कमी गाळतात.

जाहिरातीतले पिल्लू पूडल आणि लॅब्राडोर यांच्या संकराचे होते. हा संकर ऑस्ट्रेलियातल्या वॅली कॉनरन यांनी १९८९ मध्ये अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांसाठी केला होता. हवाईमधल्या एका अंध स्त्रीच्या नवऱ्याला कुत्र्याची अ‍ॅलर्जी होती, आणि त्यासाठी हा सगळा खटाटोप होता. पहिल्या तीन पिल्लांपैकी एकाच पिल्लाचा त्या गृहस्थांना त्रास झाला नाही, ही गोष्ट जाहिरातदार सांगत नाहीत. मिशीचा गुण प्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा, असल्याने पहिल्या पिढीच्या पिल्लांना तो सहसा मिळतो. पण अशी दोन संकरित कुत्री एकत्र आणली की मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमाने चारांतले सरासरी एक पिल्लू मिशीशिवाय जन्मते आणि लॅब्राडोरसारखे केस गाळू शकते. संकराचे नाव ऐकून दुप्पट-तिप्पट पैसे मोजणाऱ्यांनी निदान आईबाप कोणत्या पिढीचे आहेत एवढे विचारायला हवे.

यापेक्षा मोठा गैरसमज अ‍ॅलर्जीविषयी आहे. कुत्र्याची अ‍ॅलर्जी केसांमुळे होत नाही. ती काही प्रथिनांमुळे होते. त्यांतले मुख्य प्रथिन, कॅन एफ १, कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असते, आणि इतक्या बारीक कणांवर बसून हवेत तरंगते की केर काढून ते जात नाही. २०१२ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात तथाकथित 'अ‍ॅलर्जीमुक्त' जातींच्या केसांवर हे प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा जास्तच सापडले, आणि त्यांच्या घरांतल्या हवेतही ते कमी नव्हते. काही जणांना मात्र फक्त कॅन एफ ५ या प्रथिनाचा त्रास होतो. ते नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते आणि मूत्रातून बाहेर पडते. अशा माणसाला मादी सहन होण्याची शक्यता असते. म्हणून मी भावाला दोन गोष्टी सांगितल्या : मुलीची तपासणी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून करून घे, आणि पिल्लू आणण्याआधी तिला मळ्यातल्या कुत्र्यांसोबत काही वेळा दोन-तीन तास राहू दे.

राहिला राखणीचा प्रश्न. 'अठरा नखी खेटरे राखी, वीस नखी घर राखी' ही म्हण आपल्याकडे अजून मनापासून मानली जाते, आणि मळ्यातल्या पिल्लांची नखे मोजून त्यांतली 'राखणदार' निवडली जातात. कुत्र्याच्या पुढच्या पायांना प्रत्येकी पाच आणि मागच्या पायांना प्रत्येकी चार मिळून अठराच नखे असतात. मागच्या पायांना एकेक जादा बोट आले की ती वीस होतात. गर्भात पायाची बोटे आखून देणाऱ्या एका जनुकाच्या चालू-बंद कळीत बदल झाला की असे होते, आणि त्या बदलाचा धाडसाशी किंवा निष्ठेशी काहीही संबंध नाही. या समजापायी अठरा नखांची धडधाकट पिल्ले रस्त्यावर सोडली जातात, याचे मला फार वाईट वाटते. राखणीचा खरा पाया वयाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यांत घातला जातो. त्या काळात पिल्लाने माणसे, मुले, गाड्यांचे आवाज आणि घरात येणारे-जाणारे पाहिले, तर घरचे कोण आणि परके कोण हे त्याला पुढे नीट कळते. साखळीला बांधून चिडवलेले कुत्रे चोरापेक्षा शेजारच्या मुलालाच आधी चावते. घराला हवा असतो तो इशारा, आणि माणसाच्या दुपटीहून वरच्या कंप्रतेचे आवाज ऐकणारा कोणताही सावध कुत्रा तो देऊ शकतो.

खानदेशच्या हवेचा विचार यात टाळता येत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो, आणि कुत्र्याच्या शरीराचे तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असते, म्हणजे बाहेरची उष्णता सतत आत येत राहते. कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांनाच येतो. तो धापा टाकून जिभेवरचे पाणी उडवतो आणि त्यानेच थंड राहतो. त्यामुळे हस्कीसारखा बर्फाळ प्रदेशातला कुत्रा इथे पाळणे हा त्या जिवावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. श्नाउझर किंवा पूडल पाळता येतो, पण न गळणारे केस अंगावरच वाढत राहतात, त्यांच्या जटा होतात, जटांखाली गोचीड लपतात आणि कुसळे कातडीत शिरतात. दर दीड-दोन महिन्यांनी कातरणी आणि एक दिवसाआड विंचरणे, ही त्या कमी केसगळतीची किंमत आहे.

याउलट आखूड केसांचा आणि आतले आवरण विरळ असलेला गावठी कुत्रा, किंवा दख्खनच्या पठारावरचा कारवानी, या हवेत तयार झालेला आहे. तो केस गाळतो, पण ते आखूड आणि हलके असतात, आणि सुटायला आलेले केस घरात पडण्याआधीच काढून घेता येतात. बैलाला करतात तसा, पण मऊ रबरी ब्रशने, अंगणात रोज पाच मिनिटे खरारा केला की बहुतेक काम होते.

मुलीची तपासणी झाली. तिला घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची अ‍ॅलर्जी निघाली, कुत्र्याची नाही. मळ्यातल्या एका मादीचे आठ आठवड्यांचे पिल्लू भावाने घरी आणले आणि तीन महिन्यांचे झाल्यावर त्याला रेबीजची पहिली लसही दिली. हे पिल्लू मादी आहे, तिच्या तोंडावर मिशा नाहीत आणि नखे अठरा आहेत. पहाटे दूधवाल्याची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी वळली, की फाटक वाजण्यापूर्वीच ती भुंकून घर जागे करते.