'वन टू थ्री फोर' म्हणजे काय?

'आइनस्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, ऐकायला नाशिकच्या गंगापूर रोडला आम्ही सात-आठ जण जमलो, तेव्हा चहा यायच्या आतच वाद पेटला. कोरस नुसते आकडे गातो: एकदा चारपर्यंत, मग सहापर्यंत, मग आठपर्यंत. आइनस्टाइन म्हटल्यावर कुणाला त्यात अणुबॉम्बची उलटगणती ऐकू आली. आकडे चढते होते, तरीही! तबला वाजवणारे काका मांडीवर बोटं मोजत म्हणाले, "अहो, मात्रा मोजतायत ते."

काकांचंच खरं. तालमीत गायकांना लय पाठ व्हावी म्हणून ऑपेराचा अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासने आकडे आणि 'दो रे मी' ही स्वरांची नावं दिली, आणि पुढे तेच ऑपेराचे शब्द म्हणून राहिले. लयीचा हा हिशेब त्याला लागला साठच्या दशकात, पॅरिसमध्ये. तिथे तो एका चित्रपटासाठी रविशंकरांचं संगीत नोटेशनमध्ये उतरवून देत होता; तबलावादक अल्लारखाँही सोबत होते. १९७६च्या जुलैत फ्रान्समधल्या आव्हिन्यों महोत्सवात दिग्दर्शक रॉबर्ट विल्सनबरोबरचा हा ऑपेरा रंगमंचावर आला: सुमारे पाच तास, मध्यंतर नाही, प्रेक्षकांनी हवं तेव्हा उठावं, परत यावं.

आपली अडचण निराळी आहे. निवृत्तिनाथांची समाधी इथून तासाभरावर, त्र्यंबकेश्वरी. त्यांच्या धाकट्या बहिणीची, मुक्ताबाईची मुंगी सूर्य गिळते, आणि आपण लगेच अर्थ लावायला बसतो. कूट अभंग असतो तो. गाठ मुद्दाम मारलेली असते, सुटण्यासाठीच. ती सवय घेऊन इथे बसलं की फसगत होते.

क्रिस्टोफर नोल्स हा तेव्हा कोवळ्या वयाचा ऑटिस्टिक कवी. ऑपेरातल्या त्याच्या एका मजकुरात गूढ वाटणारी नावं आणि वेळा येतात. ते आहे न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी रेडिओचं वेळापत्रक, कोणता निवेदक किती ते किती! वाक्यं मोडलेली आहेत, पण खाली काही पुरलेलं नाही. नृत्यांगना लुसिंडा चाइल्ड्सच्या मजकुरात एक बाई वातानुकूलित सुपरमार्केटमध्ये पोहण्याच्या टोप्या बघते. आपण समुद्रकिनारा टाळत होतो, हे तिला आठवतं. हेच ती पुन्हा पुन्हा म्हणते. पाचव्या-सहाव्या खेपेला टोप्या विरतात आणि बाईचा आवाज तेवढा उरतो.

१९८०च्या 'सत्याग्रह'मध्ये ग्लासने उलटी युक्ती केली. गांधीजींवरच्या या ऑपेरात शब्द सगळे भगवद्गीतेतले, संस्कृतच ठेवलेले. पहिला प्रयोग झाला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला; तिथल्या प्रेक्षकांना ते निव्वळ नाद. आमच्यातल्या एका आजींनी मात्र शेवटचं गाणं लागताच सोबत म्हणायला सुरुवात केली, "बहूनि मे व्यतीतानि..." चौथा अध्याय त्यांना तोंडपाठ. काकांचं शब्दांकडे लक्षच नव्हतं. ती एकच चढती स्वरपंक्ती परत परत येत होती, त्यांनी पेटी ओढली आणि वाजवून पाहिली: रे, ग, ध, नी कोमल. भैरवी!