हॅमॉकमधील मुक्काम आणि थंडीपासून बचाव

दोन झाडांमध्ये ताणलेल्या कापडी झोळीत, म्हणजे हॅमॉकमध्ये, उघड्यावर रात्र काढताना अंगातली ऊब टिकवण्याची पद्धत. जमीन उताराची, खडकाळ किंवा ओली असली तरी हॅमॉक बांधता येतो, त्यामुळे पाठीवर मोजके ओझे घेऊन फिरणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. मराठवाड्यात अजिंठ्याची डोंगररांग, बालाघाट आणि किनवटकडची सागाची जंगले त्याला साजेशी आहेत.

मराठवाड्याची थंडी नवख्याला फसवते. समुद्र दूर, हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असलेला पारा पहाटे १० अंशांखाली उतरतो. परभणीत तो काही वर्षी ५ अंशांच्याही खाली गेला आहे. दुपारचे ऊन पाहून सामान भरले, तर पहाटे कुडकुडावे लागते.

हॅमॉकमध्ये थंडी वाजते ती मुख्यतः खालून. स्लीपिंग बॅग असो वा गोधडी, ऊब धरून ठेवते ती तिच्यात अडकलेली हवा. अंगाच्या भाराने पाठीखालचे भरण चेपते, हवा निघून जाते आणि झोळीखालून वाहणारा वारा उष्णता ओढून नेतो. वर आणखी दोन पांघरुणे घेतली तरी पाठ गारच राहते. शेतात झाडाला बांधलेल्या बाळाच्या झोळीत आधी गोधडी अंथरतात; मोठ्या माणसाच्या वजनाखाली मात्र तीही दबून जाते.

यावर सर्वांत चांगला उपाय अंडरक्विल्ट. ही पिसांची किंवा कृत्रिम तंतूंची दुलई हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला लवचीक दोरीने टांगतात. तिच्यावर भार येत नाही, म्हणून ती फुगलेली राहते. ती कापडाला जेमतेम टेकलेली हवी: सैल राहिली तर मधल्या फटीतून वारा शिरतो, फार ताणली तर भरण दबते. खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंतची आखूड अंडरक्विल्ट घेतली की वजन वाचते. पायांखाली फोमचा तुकडा पुरतो. पिसे हलकी खरी, पण भिजली की निकामी होतात. अंडरक्विल्ट महाग वाटल्यास फोमची मॅट घ्यावी. ती स्वस्त आहे आणि भिजत नाही. फक्त हॅमॉकच्या कडा खांद्यांना आवळतात, म्हणून ती रुंद असावी. दुपदरी हॅमॉक असेल तर मॅट दोन पदरांमध्ये सरकवावी, म्हणजे झोपेत निसटत नाही.

जागेची निवड सामानाइतकीच महत्त्वाची. गार हवा जड असते आणि ओढ्याकाठी, दरीच्या तळाशी साचते. उतारावर थोडे वर बांधलेला हॅमॉक त्यातून सुटतो. हॅमॉकवर छतासारखे ताणलेले कापड, म्हणजे टार्प, खाली ओढून उत्तरेचा वारा अडवावा. दहिवरही त्यावरच पडते.

झोपण्यापूर्वी घामाचे कपडे बदलावेत, कानटोपी घालावी, शेंगदाणे-गूळ असे काही पोटात असावे. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवल्यास बराच वेळ ऊब मिळते. पांघरुणात तोंड खुपसून झोपू नये, श्वासाच्या वाफेने ते दमट होते. हॅमॉकखाली शेकोटी किंवा निखारे कधीही ठेवू नयेत: नायलॉन ठिणगीने वितळते आणि बंदिस्त टार्पखाली साचणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

हॅमॉक रुंद पट्ट्यांनी बांधावा, दोरी सालीत रुतते. गौताळा औट्रमघाटसारख्या अभयारण्यात मुक्कामासाठी आधी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते.