वाचनखेळणी, इलेक्ट्रॉनिक (मराठवाडा)

बटण दाबताच किंवा छापील पानावर पेन टेकवताच अक्षर, शब्द वा वाक्य उच्चारणारी, सेलवर चालणारी मुलांची खेळणी. बोलका तक्ता, बोलके पुस्तक, टॉकिंग पेन व ‘एबीसीडीचा लॅपटॉप’ हे परिचित प्रकार होत.

आद्य खेळणे कोणते, हे व्याख्येवर ठरते. मॅटेल कंपनीचे ‘सी एन से’ (१९६५) दोरी ओढल्यावर बोलत असे. पण त्याची तबकडी व यंत्रणा यांत्रिक होती. त्यामुळे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘स्पीक अँड स्पेल’पासून (१९७८) आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यात रेखीय पूर्वानुमान पद्धतीने (आधीच्या ध्वनिनमुन्यांवरून पुढचा नमुना अदमासून) एकाच चिपवर वाणी घडवली जाई. ते शब्दलेखनासाठी होते; वाचनासाठी ‘स्पीक अँड रीड’ १९८०च्या सुमारास आले. पुस्तक व आवाज यांची सांगड लीपफ्रॉगच्या ‘लीपपॅड’ने (१९९९) रूढ केली. आजची पेने पानावरील बारीक ठिपक्यांची सांकेतिक रचना वाचतात.

एका अक्षराला एक बटण ही मांडणी इंग्रजीच्या सुट्या अक्षरांना सोयीची आहे. मराठीत ३४ व्यंजनांची बाराखडी धरली तरी ४०८ अक्षररूपे होतात. तेवढी बटणे तक्त्यावर मावत नाहीत. ‘कि’मधील वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र मागून येतो. ‘चहा’ व ‘चाक’ यांतील च वेगळे, बटण एकच. ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ ही तर शब्दारंभीच्या ध्वनीची ओळखच नव्हे. हिंदीसाठी बनवलेल्या तक्त्यांवर ळ बहुधा नसतोच. ठिपक्यांच्या पेनाने बटणांची अडचण सुटते, उच्चारांची सुटत नाही.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथील दुकानांत इंग्रजी व हिंदी आवाजाचा माल सहज दिसतो. तांड्यावर गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या मुलाला मराठी तक्ताही परभाषाच शिकवतो. उर्दू शाळांतील मुलांना उजवीकडून लिहिली जाणारी, जोडणीनुसार रूप बदलणारी अक्षरे हवी असतात. स्वस्त तक्त्यात सेल उतरले की आवाज घोगरा होतो आणि ‘ब’ व ‘भ’ सारखेच ऐकू येतात.

उपयुक्ततेबाबत सावधगिरी बरी. अ‍ॅना सोसा या संशोधिकेच्या अमेरिकेतील २६ पालक-बालक जोड्यांच्या छोट्या अभ्यासात, पुस्तकांच्या तुलनेत इलेक्ट्रॉनिक खेळण्यांसोबत पालक कमी बोलल्याचे आढळले. ती बालके मात्र १० ते १६ महिन्यांची होती. भारतात १ जानेवारी २०२१ पासून अशा विद्युत खेळण्यांवर आयएस १५६४४ या भारतीय सुरक्षा मानकानुसार आयएसआय चिन्ह अनिवार्य आहे.