तुळस रात्री प्राणवायू सोडत नाही

तुळस चोवीस तास प्राणवायू देते आणि ओझोनही सोडते, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू मोकळा होतो आणि त्यासाठी उजेड लागतोच, त्यामुळे अंधारात तुळसही इतर झाडांप्रमाणे केवळ श्वसन करते, म्हणजे प्राणवायू घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडते. (त्याचे प्रमाण इतके अल्प असते की कुंडी घरात असल्याने काहीही अपाय होत नाही.) ओझोन तुळस सोडत नाही आणि तो श्वासावाटे घेणे फुप्फुसांना घातकच असते.

तुळशीचे खरे मोल मला तिच्या मंजिरीत दिसते. पान चुरडल्यावर येणारा उग्र गंध सूक्ष्म तैलग्रंथींतील युजेनॉलसारख्या द्रव्यांचा असतो, तर मंजिरीवरील इवल्या, जांभळट फुलांतील मकरंदासाठी सातेरी आणि फुलोरी मधमाश्या एकेका फुलावर क्षणभर टेकत देठाभोवती फिरत राहतात. काढ्यासाठी भरपूर पाने हवी असल्यास मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात, मात्र दोन-चार फांद्यांवरील अवश्य राखाव्यात. त्या वाळल्यावर तळहातावर चोळल्या की पुढच्या रोपांसाठी बी मिळते.